करुणाबाईंना लागणारी जागा

करुणाबाई साळवे आमच्या ओळीत राहायला येणार होत्या, त्या दिवशी घरमालक आप्पा सकाळपासून टेम्पोची वाट बघत बसले होते. शिरूरला जुन्या मिशन कंपाउंडच्या मागं आप्पांनी भाड्यानं द्यायला एका ओळीत सहा खोल्या बांधल्या होत्या. टोकाला त्यांचं घर आणि गोठा. टेम्पो आत यावा म्हणून त्यांनी वासराचं दावंसुद्धा सोडून पलीकडं बांधलं होतं. मला सेकंड शिफ्टला जायचं होतं, म्हणून घरीच होते.

टेम्पो आलाच नाही. रिक्षा आली. रिक्षातून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उतरली. तिनं आधी एका उंच म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून उतरवलं, मग ताडपत्रीच्या कापडाच्या दोन लांबट पिशव्या काढल्या आणि शेवटी एक छोटी शेगडी.

"सलाम," त्या आप्पांना म्हणाल्या. ख्रिस्ती लोक म्हणतात तसा, हात कपाळाकडं नेऊन.

"सलाम, सलाम. सामान पाठीमागनं येतंय न्हवं?"

"आलं की. हेच."

"म्हंजी? कपाट? पलंग?"

"नाही."

त्या आत गेल्यावर आप्पा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "पळून तर आली न्हाईत ना ही मान्सं कुठनं?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. करुणाबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. दोन्ही हात पसरून त्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडं गेल्या, वर बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बरीच मोठी आहे हो. उभं राहून चालता येतंय."

तसल्या दोन खोल्या असूनही मी आणि माझा नवरा रोज एकमेकांच्या अंगावर पडायचो. मला हसू आलं. मग कळलं, की ही दोघं दहा-अकरा वर्षं शिडाच्या बोटीवर राहिली होती.

करुणाबाई शिरूरच्याच. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या, पुढं नर्स झाल्या. सॅम्युएल साळवे मालवाहू जहाजांवर फिटर होते. जहाज सोडल्यावर गोव्याला एका परदेशी म्हाताऱ्याची शिडाची बोट सांभाळायचं काम त्यांना मिळालं. तो म्हातारा आजारी पडून मायदेशी गेला आणि जाताना बोट साळव्यांनाच देऊन गेला. साळव्यांनी करुणाबाईंना कळवलं, घर मिळालंय, ये. त्या नोकरी सोडून गेल्या. घर म्हणजे काय ते त्यांना धक्क्यावर उभं राहिल्यावर समजलं.

"मला पोहता येत नव्हतं," त्या सांगायच्या. "घोडनदीत कधी गुडघ्यावर गेले नाही मी. पहिला महिना नुसत्या उलट्या. डोलकाठीला मिठी मारून बसायची. साळवे म्हणायचे, करुणा, तिला सोड, ती माझी आहे."

पावसाळाभर बोट खाडीत आत नेऊन बांधून ठेवायची, आणि समुद्र निवळला की कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत जायचं. बंदरांत दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करून साळवे पोट भरायचे. त्यांना एकच मुलगी, रूथ. ती शिरूरला बोर्डिंगात राहून शिकली. तिचं लग्न दौंडला रेल्वेतल्या माणसाशी झालं होतं.

मग साळवे विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग हत्यारांची. एकदा कारवारहून निघाले आणि भर समुद्रात सुकाणू धरून त्यांनी बाईंना विचारलं, आपण कुठं चाललोय? बाईंनी एकटीनं बोट परत आणली. कशी आणली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "धक्क्याला लागल्यावर माझे हात दोरीवरून सुटेनात. लोकांनी सोडवले." त्यानंतर बोट विकून ही दोघं शिरूरला आली.

त्यांचं घर बघायला आमच्या ओळीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून जायच्या. दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले. एक तवा, एक पातेलं, त्यावर बसणारं झाकण म्हणजेच परात. प्रत्येक वस्तू भिंतीवर कापडी कप्प्यात किंवा दोरीच्या फासात. जमिनीवर काही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी त्यांना मीठ सापडलं असतं. नवी वस्तू घरात येणार असली की त्या आधी विचारायच्या, "हिची जागा कुठली?" जागा सांगता आली नाही, तर वस्तू दारातूनच परत. दिवाळीला कुणीतरी काचेचा सहा पेल्यांचा सेट दिला. त्यांनी दोन ठेवून घेतले, दोन मला दिले, दोन आप्पांच्या सुनेला. आणि आपले जुने दोन स्टीलचे पेले कचरा वेचणाऱ्या बाईला देऊन टाकले.

"बांधलं नाही ते आपलं नाही," असं त्यांचं एक बोलणं होतं. बोटीवर ते शब्दशः खरं असणार. लाट आली की गेलं. शिरूरला मात्र त्या हे कशालाही लावायच्या. आप्पांचा नातू मोबाईल विसरून आला तरी तेच, माझ्या सासूनं घरातल्या गोष्टी चार ठिकाणी सांगितल्या तरी तेच.

उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं. ओळीत भांडणं व्हायची, कळशीला कळशी आपटायची. करुणाबाई कधी रांगेत पुढं घुसल्या नाहीत. त्यांना एक बादली पुरायची. भांडी आधी राखेनं कोरडी घासायची, मग ओल्या फडक्यानं पुसायची, आणि शेवटी पेलाभर पाण्याची धार. अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं तुळशीला. तुळस आप्पांच्या बायकोची होती. ती गमतीनं म्हणायची, "आमच्या तुळशीला ख्रिस्ताचं पानी घालत्यात." करुणाबाई म्हणायच्या, "ती काही बोलली का? मग झालं."

हे सगळं मी लांबून कौतुकानं बघत होते. एका वर्षी ते माझ्याच घरात आलं. रांजणगावच्या ज्या कंपनीत माझा नवरा काम करायचा, तिथली कंत्राटी माणसं एकदम कमी केली आणि आम्हाला दोन खोल्यांतली एक सोडावी लागली. दोन खोल्यांचं सामान एका खोलीत आलं. सोफा, शोकेस, लग्नातली भांडी, दोन कुलर. मी त्या ढिगाच्या मधोमध बसून रडत होते. करुणाबाई आल्या. समजूत घातली नाही. म्हणाल्या, "बसलीच आहेस तर तशीच बस. आता सांग, सकाळी उठल्यावर हात पहिला कुठं जातो?"

"ब्रशकडं."

"मग?"

"चहाचं भांडं."

असं करत त्यांनी माझा अख्खा दिवस माझ्याकडून बोलवून घेतला. जे जे बोलले ते ते त्या उचलून एका बाजूला ठेवत गेल्या. शेवटी ढीग बराचसा तसाच राहिला. त्याच्याकडं बोट करून म्हणाल्या, "हे वाईट नाही. पण ह्याच्यासाठी तू रडू नकोस. ह्यातलं काही तुला दिवसभरात आठवलंसुद्धा नाही."

शोकेस गेलं. सोफा कासुर्डीला माझ्या माहेरी गेला. त्या खोलीत आम्ही अजून राहतो आणि आता ती लहान वाटत नाही. नवऱ्याला पुढं शिक्रापूरला काम लागलं, तरी दुसरी खोली आम्ही परत घेतली नाही.

साळव्यांचा आजार वाढत चालला होता. एका सकाळी बाई दूध आणायला गेल्या, तेवढ्यात ते घरातून गेले. आप्पा मोटारसायकलवर एका बाजूला, मी आणि बाई दुसऱ्या बाजूला. मिशनचं देऊळ म्हणजे चर्च, बसस्टँड, बाजार, सगळं बघून झालं. शेवटी ते घोडनदीच्या काठी सापडले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन नदीकडं तोंड करून बसलेले. पाणी फारसं नव्हतंच.

"करुणा," ते म्हणाले, "बोट कुठाय?"

आप्पा पुढं होऊन म्हणाले, "सायेब, हितं कुठली बोट—" पण बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. त्या नवऱ्याशेजारी चिखलात बसल्या.

"दुरुस्तीला वर काढलीय ना. तळ घासतायत."

"किती दिवस?"

"ते कारागीर. आज म्हणतात, उद्या म्हणतात."

साळवे हसले. कारागिरांचं हे त्यांना पटलं. "मग तोवर आपण राहायचं कुठं?"

"इथं एक चांगले लोक आहेत. त्यांच्याकडं पाहुणे म्हणून राहू."

त्या दिवसापासून साळवे आपल्याच घरात पाहुणे म्हणून राहायला लागले. रोज संध्याकाळी स्वच्छ शर्ट घालून ते ओट्यावर यायचे आणि आप्पांचे आभार मानायचे.

"तुम्हाला फार त्रास होतोय आमचा. बोट झाली की निघतोच."

पहिल्या दिवशी आप्पा गडबडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उत्तर तयार ठेवलं. "त्रास कसला सायेब? राहा की. घर तुमचंच हाय."

"नाही, नाही. तुमचं आहे. आम्ही बोटीवरचे."

भाडं घेताना आप्पांना लाज वाटायला लागली, असं ते मला म्हणाले होते. पाहुण्याकडून कसं घ्यायचं? बाईंनी मात्र ते कधी चुकवलं नाही.

त्याच वर्षी चैत्रात दुपारी एकदम वारं सुटलं. वळवाच्या आधी सुटतं तसलं. आभाळ पिवळं झालं, धुरळ्यानं काही दिसेना, आणि आप्पांच्या गोठ्याचे पत्रे एका कडेनं उचलायला लागले. खाली गाय, वासरू आणि आप्पांची बायको. आम्ही नुसत्या ओरडत होतो. करुणाबाई बोटीवरचे दोरखंड घेऊन धावत आल्या. एरवी आवाज न चढवणारी ती बाई त्या वाऱ्यात अशी ओरडली, की आप्पांचे दोन्ही मुलगे मुकाट्यानं तिचं ऐकायला लागले. "पत्रा धरू नका, हात कापतील! दोर वरून टाका! खालून घ्या! ओढा!"

एक दोर खांबाला बांधायचा राहिला होता. आप्पांचा थोरला मुलगा गाठ मारायचा आणि ती सुटायची. तेवढ्यात साळवे खोलीतून बाहेर आले. मुलीचं नाव त्यांना एव्हाना आठवेनासं झालं होतं. बटणं बाई लावून द्यायच्या. त्यांनी पोराच्या हातातून दोर घेतला, खांबाला दोन वेढे दिले, अंगाचा भार टाकून ताणला आणि न बघता गाठ मारली. मग दुसरा. मग तिसरा. नवरा-बायको त्या धुरळ्यात काही न बोलता काम करत होती. त्यानं हात पुढं केला की तिनं दोर दिलेला असायचा. त्यांची बोटीवरची वर्षं मी बघितली ती एवढीच.

वारं पडलं. गारा झाल्या, थांबल्या. पत्रे जागेवर होते. सगळे ओट्यावर धापा टाकत बसलो. साळव्यांनी रुमालानं हात पुसले आणि शेजारी बसलेल्या बाईंकडं वळून फार अदबीनं विचारलं, "आपण चांगलं काम केलंत. आपण इथं कुणाकडं आलात?"

करुणाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं.

"साळव्यांकडं," त्या म्हणाल्या.

"हां, हां. चांगला माणूस आहे. बोटीवर असतो तो."

"हो. माहीत आहे मला."

त्यानंतर साळव्यांनी त्यांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. त्या मात्र पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. काही दिवस त्या घरी काम करणारी बाई असायच्या, काही दिवस सिस्टर, एकदा तर बंदरावरचा अधिकारी. नवरा जे म्हणेल ते होऊन त्या त्याला भरवायच्या. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला काहीच वाटत नाही?" त्या पोळीचा घास चुरत होत्या. म्हणाल्या, "वाटतं ते कुठं ठेवू, सांग. इथं जागा आहे का?"

थंडीत साळव्यांच्या छातीत कफ झाला. सरकारी दवाखान्यात नेलं, चार दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. रूथ दौंडहून येऊन-जाऊन होती. ती दाराजवळ उभी राहायची, बसायची नाही. वडिलांना ती कुणी अनोळखी बाई वाटायची, आणि तीही स्वतःची ओळख सांगत नसे.

शेवटच्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले होते. साळवे जागे होते. बाईंना म्हणाले, "यांचा पाहुणचार फार झाला. निघायला हवं आता."

"निघू या."

"तुम्ही पण येता?"

"येते ना."

"तुम्हाला पाण्याची भीती नाही वाटत?"

"आता नाही वाटत," बाई म्हणाल्या.

दुपारी ते गेले. बाईंनी स्वतः त्यांना पुसलं, स्वच्छ शर्ट घातला. चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली. कबरस्तानात आप्पा आणि त्यांचे मुलगे शेवटपर्यंत उभे होते. आप्पा डोळे पुसत म्हणत होते, "पावना गेला, पावना."

साळव्यांना एक सवय होती. रोज संध्याकाळी ते खिडकीच्या गजाला एक दोरी बांधायचे, बोट बांधतात तशी. सकाळी बाई ती सोडून ठेवायच्या, म्हणजे संध्याकाळी त्यांना परत बांधता यावी. शेवटची गाठ तशीच राहिली. आठवड्याभरात बाईंनी नवऱ्याचे कपडे, चपला, चष्मा, सगळं गरजूंना देऊन टाकलं. ओळीतल्या बायका म्हणाल्या, काय खंबीर बाई आहे. पण खोली सोडायची वेळ आली तेव्हा त्या आप्पांपुढं उभ्या राहिल्या आणि शब्द जुळवत म्हणाल्या, "आप्पा, खिडकीची ती दोरी राहू द्याल का? मी नाही सोडू शकत."

"राहू द्या की बाई. माझ्या खिडकीला काय जड हाय व्हय?"

रूथ त्यांना न्यायला आली होती. अर्ध्या तासात घर रिकामं झालं. पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन पिशव्या होत्या, जाताना एकच. आप्पांच्या बायकोनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला. रिक्षात बसताना बाईंनी सगळ्यांना सलाम केला. त्यांनी मागं वळून बघितलं की नाही, मला आठवत नाही.

मी माहेरी कासुर्डीला गेले की यवतहून गाडी धरून दौंडला जायचे. रूथचं रेल्वे क्वार्टर लहान. नवरा, सासू, दोन मुलं, आणि आता आई. पहिल्यांदा गेले तेव्हा रूथ स्वयंपाकघरात चहा टाकत होती.

"बाई कुठं आहेत?"

"गॅलरीत. बंद करून घेतलीय आम्ही. काचा लावल्यात. तिथंच झोपते ती." मग जरा अभिमानानं म्हणाली, "आईचं काही नाही हो. बोटीत राहिलेली बाई, ती कुठंही राहते."

रूथनं चहा गाळला. गाळता गाळताच म्हणाली, "मला पण बोर्डिंगच्या बाई असंच म्हणायच्या. रूथचं काही नाही, ती कुठंही राहते. सुट्टी लागली की सगळ्या पोरी घरी जायच्या. आमचं घर पाण्यात. दोनदा नेलं मला. दोन्ही वेळा उलट्या करून आजारी पडले. मग नेलंच नाही. मी ट्रंकेवर बसून वाट बघायची, सुट्टी संपायची." कप माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "जा, बस तिच्याजवळ. तिला बरं वाटेल."

गॅलरीत एका बाजूला वॉशिंग मशीन, वर वाळत घातलेले शाळेचे युनिफॉर्म, आणि त्यांच्या मध्ये एक अरुंद दिवाण. बाईंचे कपडे भिंतीवरच्या कापडी कप्प्यात. मी गेल्याबरोबर त्या उठल्या आणि मला दिवाणावर बसवलं. रूथच्या सासूबाई मशीनशी आल्या तेव्हा मशीनला लागून सरकल्या. नातू बॅट घ्यायला आला तेव्हा पाय वर घेतले. कुणीही आलं की त्या थोड्या लहान व्हायच्या. कुणी वाईट वागत नव्हतं. ताट वेळेवर यायचं, औषध आणलं जायचं. पण ज्याला कमी लागतं त्याला माणसं आणखी कमी देत जातात, आणि त्यांचं त्यांनाही ते कळत नाही.

"ऐकलं मी," बाई हळूच म्हणाल्या. "रूथ बोलली ते. खरं आहे तिचं. सगळं सामान मी नीट बांधलं. तीच तेवढी किनाऱ्यावर राहिली."

मी त्यांचा हात धरला.

"सगळ्यांना वाटतं मला जमतं. जमतंच गं. पण जमणं म्हणजे आवडणं नव्हे. मला बोटसुद्धा आवडत नव्हती कितीतरी वर्षं. मला साळवे आवडायचे."

एवढं त्या एका दमात कधी बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय? खरं सांगा."

मला वाटलं, नेहमीसारखं "काही नको" म्हणतील. युनिफॉर्ममधून पाण्याचा एक थेंब त्यांच्या खांद्यावर पडला, तो त्यांनी पुसला.

"खुर्ची," त्या म्हणाल्या. "हात असलेली. कुणी आलं तरी उठावं लागणार नाही, अशी एक."

आणि लगेच घाबरल्या. "तू बोलू नकोस हं कुठं. जागा कुठाय इथं."

मी बोलले. निघताना दारात रूथला सांगितलं. ती चप्पल शोधायला मला मदत करत होती, तिथंच थांबली.

"आई म्हणाली?"

"हो."

"आईनं मागितली? तिनं तोंडानं मागितली?"

"हो, रूथ."

तिनं तोंड फिरवलं. "कधीच काही मागितलं नाही हो तिनं माझ्याकडं," ती म्हणाली. "मी किती वाट बघितली."

पुढं पावसाळा संपताना करुणाबाई गेल्या. झोपेतच, कुणाला न उठवता. रूथनं त्यांना शिरूरला आणलं, साळव्यांशेजारी. पाळकांनी त्यांच्या साधेपणाबद्दल सांगितलं, त्यांनी कधी कुणाला तोशीस दिली नाही म्हणाले. रूथ खाली बघत होती. प्रार्थना संपल्यावर ती आप्पांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडली, लहान पोरीसारखी, आवाज करून. आप्पांची बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसतं "व्हय गं बाई, व्हय" म्हणत राहिली.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या काही आठवडे आधी, दौंडला. रविवार होता. दार उघडंच होतं. घरात पाहुणे आलेले, रूथच्या सासूच्या माहेरची माणसं, जेवून बसलेली. टीव्ही सरकवून कोपऱ्यात नेला होता आणि त्याच्या जागी, खिडकीशी, उजेडात, वेताची मोठी खुर्ची होती. चांगली रुंद, पाठ टेकायला उंच. करुणाबाई तीत बसल्या होत्या. त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते, म्हणून खाली पाट ठेवला होता.

मी आत शिरले. बसायला कुठं जागा नव्हती. करुणाबाईंनी मला बघितलं, दोन्ही हातांवर जोर दिला आणि त्या उठायला लागल्या.

रूथ ताटं गोळा करत होती. ती हातातली ताटं घेऊन तशीच आईजवळ गेली आणि मोकळ्या हातानं तिनं तिचा खांदा खाली दाबला.

"बस," ती म्हणाली. "ती खाली बसेल. तू बस."

करुणाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी फरशीवर मांडी घातली. त्या अजून अर्ध्या उठलेल्याच होत्या. खोलीत जागा नाही म्हणून चार माणसं उभी, दोन पोरं पलंगाच्या कडेवर, आणि त्या सगळ्यांदेखत त्या हळूहळू मागं सरल्या. पाठ टेकली. आधी एक हात खुर्चीच्या हातावर ठेवला, मग दुसरा, आणि बसून राहिल्या.